अपघात : नाही

ट्यूनिस, १० फेब्रुवारी

प्रिय खालती मन्नूबिया,

पाकीट पाहून घाबरू नकोस. मी ठीक आहे, तुझा जावई कैस ठीक आहे, घरही ठीक आहे. दर शुक्रवारी फोन करणारी तुझी भाची एकदम चार पानी पत्र का पाठवते आहे, तेवढं नीट वाच.

आमच्या कंपनीनं यंदापासून नियम केलाय. आम्ही ज्यांच्याकडून माल घेतो, त्या प्रत्येकाची आधी तपासणी होणार. माती-पाण्याला काही अपाय होत नाही ना, काम करणाऱ्या माणसांना कसं वागवलं जातं, आणि कारभार सरळ आहे की नाही, या तिन्ही गोष्टींवर गुण मिळणार. फ्रान्सचे अत्तरवाले आता त्याशिवाय आमच्याकडून थेंबभर तेल घ्यायला तयार नाहीत. हे काम ज्या विभागाकडे आहे, त्यात मी आहे. यादीत नाबुलचं पहिलं नाव तुझं निघालं.

मी त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवलं की, नारिंगफुलांचा अर्क काढणाऱ्या नाबुलच्या मन्नूबिया या माझ्या खालती, म्हणजे मावशी, आईची सख्खी बहीण आहेत, आणि मी सात वर्षांची असताना आई गेली तेव्हापासून त्यांनीच मला वाढवलं. त्यामुळे तुझी तपासणी मी करणार नाही, लुत्फीसाहेब, सगळे त्यांना सी लुत्फी म्हणतात, असे आमचे एक सहकारी आहेत, ते करतील. माणूस सरळ आहे, जरा कोरडा आहे. निकाल लागेपर्यंत मी तुला भेटायचं नाही, फोनही करायचा नाही. प्रश्नावली भरायला मदत करता येईल, पण ती लेखी, आणि प्रत्येक पत्राची नक्कल फायलीत जाणार. तुझ्या पत्रांचीसुद्धा.

सोबत प्रश्नावली आहे. चौऱ्याऐंशी प्रश्न आहेत, वैतागू नकोस. जे आहे ते लिही. खोटं उत्तर सापडलं तर ते सगळ्यात वाईट, बाकी उणिवा सुधारायला वेळ मिळतो. तू यादीत बसली नाहीस तर यंदाचं तेल आम्हाला घेता येणार नाही, आणि नाबुलमध्ये इतकं तेल घेणारं दुसरं कोणी नाही, हे तुला मी काय सांगायचं.

तुझी,
दोर्रा


नाबुल, १६ फेब्रुवारी

माझ्या काळजाच्या तुकड्या,

लुआज टॅक्सीच्या हम्मादीनं तुझं पाकीट दोन्ही हातांत धरून असं आणून दिलं, जणू कोर्टाचं समन्स. सहा उतारू गाडीत खोळंबले होते आणि हा दारात उभा राहून विचारतोय, "मुलीचं काही बरंवाईट तर नाही ना?" मी म्हटलं, मुलीचं नाही, माझंच व्हायची वेळ आली आहे. मुलगी मला परीक्षेला बसवते आहे.

एकसष्टाव्या वर्षी. ज्या मुलीला मी गुणाकार शिकवताना हातातली पळी उगारली होती, तिनं मला चौऱ्याऐंशी प्रश्न पाठवले. ठीक आहे. अल्लाहची मर्जी.

सी लुत्फी, तुम्हीही हे वाचणार आहात असं कळलं, म्हणून तुम्हालाही सलाम. घरचे सगळे खुशाल असोत.

आता उत्तरं. सगळी फॉर्मवर लिहिली आहेत, पण काही तिथल्या रकान्यात मावली नाहीत, ती इथं देते.

टाकाऊ मालाचं काय करता? माझ्याकडे टाकाऊ माल नाही. अर्क काढून उरलेली फुलं आमच्यातल्या मबरूकाच्या शेळ्या खातात, आणि मग मार्चभर तिच्या दह्याला वास येतो. राख झाडांना. भट्टीला लाकूड ऑलिव्हच्या छाटणीचं. हंड्यात उरलेलं पाणी निवलं की अंगण धुतो.

व्यवस्थापनात स्त्रियांचं प्रमाण किती? व्यवस्थापन म्हणजे मी. पुरुष म्हणशील तर एक गाढव आहे, पण त्याचं मत कोणी विचारत नाही.

कामगारांना तक्रार करायला सोय आहे का? दोर्रा, तू वसीलाला विसरलीस का? ती शिडीवर चढली की उतरेपर्यंत तक्रारच करते. पगारावरून, सुनेवरून, माझ्या कॉफीवरून. गल्लीच्या टोकाला ऐकू येतं. पेटीत चिठ्ठी टाकायला लावलं तर तिचा जीव गुदमरेल. तिचं ऐकूनच मी दोन वर्षांपूर्वी दुपारची सुट्टी अर्धा तास वाढवली, हेही लिहून घे.

गेल्या तीन वर्षांत अपघात? नाही. पुढचा.

बालकामगार? एकोणीस बायका आहेत, सगळ्यात लहान अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आणि तिला आम्ही पोरगी म्हणतो. तेवढाच काय तो गुन्हा.

फोन करायचा नाही म्हणतेस, बरं. तसंही हल्ली शुक्रवारी तू दोन मिनिटांत फोन ठेवतेस. पत्रात निदान चार पानं मिळतात.

तुझी खालती


ट्यूनिस, २१ फेब्रुवारी

प्रिय खालती,

तुझं पत्र आमच्या विभागात सगळ्यांनी वाचलं. नियमाप्रमाणे नक्कल काढायला दिली, तर नक्कल काढणारी बाई हसतच परत आली. सी लुत्फी हसले नाहीत, पण गाढवाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं असं मला वाटलं.

एकच विचारते. प्रश्न एकेचाळीस, अपघात. तू तिथं एका शब्दात उत्तर दिलंस. त्यात किरकोळ गोष्टीही धरतात, कोणाचा पाय मुरगळला, कोणाला वाफ लागली, असं काहीही. अशी नोंद असणं कमीपणाचं नसतं, उलट नोंद ठेवतात याचे गुण मिळतात. नीट आठवून बघ.

सी लुत्फी २५ मार्चला येतील, ऐन फुलांत. त्यांना रोज जसं असतं तसं दिसलं पाहिजे. तुझ्या पाया पडते, त्यांना काही भेट देऊ नकोस. तपासणी करणाऱ्यानं भेट घेतली तर त्याची नोकरी जाते.

तू म्हणालीस ते खरं आहे, मी फोन लवकर ठेवते. काम असतं.

दोर्रा


नाबुल, २७ मार्च

दोर्रा,

एकेचाळीसबद्दल आठवून बघितलं. जे लिहिलं तेच.

तुझा सी लुत्फी येऊन गेला. काय सांगू तुला. नवरा गेला तेव्हा मी रडले, गारपिटीनं फुलं गेली तेव्हा रडले, पण माझ्या दारात पाहुण्यानं स्वतःची भाकरी काढून खाल्ली, असा दिवस आला नव्हता.

पहिल्यापासून सांगते. घरी मोठा पाहुणा यायचा म्हणजे त्या दिवशी काम काढायचं नसतं, हे तुला मी वेगळं सांगायला नको. म्हणून मी सगळ्यांना सुट्टी दिली. पगारी, हे लिहून घ्या सी लुत्फी. दोन दिवस आधी अंगणाला चुना दिला. हंडे लिंबानं घासून असे लखलखीत केले की मबरूकानं त्यात बघून ओढणी सारखी केली. फुलांसाठी झाडाखाली पसरतो त्या चादरी धुऊन अंगणात घातल्या आणि एकोणीसजणी ठेवणीतले कपडे, सोन्याच्या बांगड्या घालून त्यावर बसल्या. वसीलानं तर नव्या चपला घेतल्या. कोकराच्या खांद्याचा कुस्कुस केला होता, वर हरभरे, बेदाणे, सगळं.

साहेब आले. विचारलं, कामगार कुठे आहेत? मी म्हटलं, या काय बसल्यात. त्यांनी बांगड्यांकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, शिड्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या त्यांच्याकडे पाहिलं. मग एकेकीपाशी बसून विचारायला लागले. दिवसाला किती तास काम? अल्लाहची कृपा, अल्हम्दुलिल्लाह. शिडी भक्कम आहे का? अल्हम्दुलिल्लाह. पगार वेळेवर मिळतो का? अल्हम्दुलिल्लाह, मालकिणीला अल्लाह दीर्घायुष्य देवो. मी त्यांना काही शिकवलं नव्हतं गं. परक्या पुरुषानं कागद पुढे धरून विचारलं तर त्या दुसरं काय म्हणणार?

मग जेवायला बोलावलं. म्हणाले, "मादाम, मला परवानगी नाही." मी म्हटलं, कुस्कुसला परवानगी कशाची? ते गाडीत जाऊन बसले आणि चीज घातलेला पाव खाल्ला. सगळ्या गल्लीनं पाहिलं. मबरूका रडायलाच लागली, ती पहाटेपासून रवा वळत होती.

तू भेट देऊ नको म्हणाली होतीस. दिली नाही. फक्त गाडीच्या मागच्या सीटवर फुलांच्या पाण्याची एक बाटली ठेवली. ती भेट नव्हे, कुठल्याही माणसाला इथून जाताना देतो ती. पोस्टमनला देतो. दुसऱ्या दिवशी हम्मादीबरोबर परत आली, सोबत पावती. माझ्या बाटलीची मला पावती.

खालती


ट्यूनिस, ३० मार्च

मादाम मन्नूबिया यांस,

दि. २५ मार्चच्या भेटीत आपल्याकडील काम प्रत्यक्ष चालू आढळले नाही. कामगारांची उत्तरे एकसारखी असल्याने ग्राह्य धरता येत नाहीत. दुसरी भेट पूर्वसूचना न देता होईल. त्या दिवशी कृपया सुट्टी देऊ नये व स्वयंपाक करू नये.

बाटली परत केल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये, ही विनंती. हे वाक्य नियमात नाही, पण फायलीत राहू द्यावे.

लुत्फी


नाबुल, ८ एप्रिल

दोर्रा, माझे राणी,

सुटलो. आज तो परत आला आणि सगळं छान झालं.

सकाळी सातलाच दारात हजर. आम्ही सगळ्या झाडांवर, केसांत पाकळ्या, अंगावर जुने झगे. पहिल्यांदा वसीलानं पाहिलं आणि वरूनच ओरडली, "आला गं बाई चीजवाला." त्यांनी ऐकलं. मला वाटलं संपलं सगळं, पण ते खाली मान घालून बूट पुसत राहिले.

मग दिवसभर थांबले. भट्टीपाशी उभे राहिले, वाफ कुठे जाते, पाणी कुठे जातं, पाहिलं. शेळ्या पाहिल्या. स्वतः शिडीवर चढले. शिडी जराशी हलली तेव्हा मबरूकानं खालून धरली आणि त्यांना दहा सूचना दिल्या. तिथून पुढे बायकांची जीभ सुटली. दुपारी त्या जेवायला बसल्या तेव्हा हेही आपला पाव घेऊन त्यांच्यात बसले. मी आत हंड्यापाशी होते, मला नुसता हसण्याचा आवाज येत होता. मग थोडा वेळ सगळ्या गप्प झाल्या, पण ते जेवणामुळे असेल. विहिरीचं पाणी मागितलं, म्हणजे आधी ते तपासल्याचा कागद मागितला, मग प्यायले.

निघताना मला म्हणाले, "मादाम, तुमच्या बायकांचा तुमच्यावर फार जीव आहे." आणि गाडीत बसून वहीत बराच वेळ लिहीत होते. बघ, कोरडा म्हणत होतीस.

बाटली ठेवली नाही. हात शिवशिवत होते.

खालती


ट्यूनिस, ११ एप्रिल

खालती,

या पत्राची नक्कल मी फायलीत ठेवलेली नाही. नियम मोडते आहे, पहिल्यांदाच.

सी लुत्फींची नोटीस तुला उद्यापर्यंत मिळेल. तिची प्रत माझ्या टेबलावर आली. त्यांनी वहीत बराच वेळ काय लिहिलं ते त्यात आहे. मबरूका जेवताना बोलून गेली की, गेल्या वर्षी ती शिडीवरून पडली तेव्हा आम्ही चाळीस दिवस पाळी लावून शोरबा नेत होतो. त्यांनी विचारलं, कोण पडली? सगळ्यांनी ताटात माना घातल्या. परत विचारलं, तेव्हा वसीला म्हणाली, "आम्ही शपथ घेतली आहे." पुढे त्यांनी लिहिलंय की, पुरवठादारानं गंभीर अपघात लपवला आणि कामगारांवर गप्प राहण्यासाठी दबाव आणला. एक वयस्क कामगार लंगडताना दिसली, असंही लिहिलंय. तुला खुलासा द्यायला २० एप्रिलपर्यंत मुदत आहे. खुलासा पटला नाही तर तुझं नाव यादीतून जाईल.

वसीला ना? मला वाटलंच. ती पूर्वी लंगडत नव्हती. चाळीस दिवस अंथरुणात होती म्हणजे हाड मोडलं असणार. आणि तू लिहिलंस, "नाही. पुढचा." मी तुला परत विचारलं, तेव्हाही तेच. ज्या बाईनं मला शेजारच्यांचं एक अंजीर न विचारता तोडलं म्हणून परत नेऊन द्यायला लावलं, तिनं आपल्याकडच्या बाईचं मोडलेलं हाड लपवलं, आणि वर शपथ घालून? मला रात्रभर विश्वास बसत नव्हता. मग आठवलं आणि बसायला लागला.

लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. माझ्या लग्नाला तू आली नाहीस. हम्मादीबरोबर एक बाटली पाठवलीस आणि चिठ्ठी, "फुलं थांबत नाहीत, तू सुखी राहा." मेंदीच्या दिवशी माझ्या हातावर आईच्या जागी मेंदी ठेवणारी तू होतीस ना? सगळे दाराकडे बघत होते. मी तासभर मूठ मिटून बसले, मग कैसच्या आईनं हळूच ती उघडली आणि मेंदी ठेवली. फार चांगली बाई आहे ती, पण मला तू हवी होतीस. लग्नानंतर फोन केला तर तुझ्यामागे हंड्यांची झाकणं वाजत होती. पाच मिनिटंही तुला काम सोडवत नव्हतं. त्या दिवसापासून मी फोन लवकर ठेवते. ती बाटली मी अजून उघडलेली नाही, कपाटात तशीच आहे.

तुला फुलांपुढे माझं लग्न दिसलं नाही, तर वसीलाचं हाड काय दिसणार, असं मनात आलं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण आलं.

दोर्रा


नाबुल, १५ एप्रिल

माझ्या पोरी,

आधी वसीलाचं. वसीलाच्या टाचेला नव्या चपला लागल्या आहेत. तुझ्या साहेबांसाठी घेतलेल्या. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, दोर्राला सांग, माझी हाडं तुझ्यापेक्षा भक्कम आहेत.

पडले ती मी.

आजच्याच तारखेला, गेल्या वर्षी. तुझ्या लग्नाला चार दिवस होते. बॅग भरलेली होती, तुझ्यासाठी शिवलेला झगा वर ठेवला होता. फक्त फुलांचं पाणी व्हायचं होतं. विहिरीजवळचं झाड आठवतं ना, तू त्याच्यावर चढून बसायचीस, आणि त्याची फुलं आपण विकत नाही? नवरीचं पाणी त्याच फुलांचं करायचं असं माझ्या डोक्यात होतं. बायका म्हणाल्या, आम्ही काढतो. मी म्हटलं, हे माझं काम आहे. टोकाची फांदी जरा लांब होती. शिडीचा एक पाय तोकडा आहे हे मला आठ वर्षांपासून माहीत होतं, रोज म्हणायचे, दुरुस्त करू.

खुब्याचं हाड मोडलं. इथल्या दवाखान्यात स्क्रू घातले. शुद्धीवर आले तेव्हा वसीला उशाशी होती, मी पहिलं वाक्य बोलले ते हेच, की दोर्राला कळता कामा नये. कैसला अकरा दिवसांचीच रजा होती, लग्न पुढे ढकलता आलं नसतं. तुला कळलं असतं तर तू लग्न टाकून आली असतीस, मला तू माहीत आहेस. एक आई तू दवाखान्यात पाहिली होतीस, सात वर्षांची असताना. लग्नाच्या आठवड्यात दुसरी दाखवायची नव्हती मला. म्हणून एकोणीसजणींना शपथ घातली. दबाव होता, हे सी लुत्फींचं म्हणणं खरं आहे. फक्त तो कशासाठी होता, ते त्यांना कळलं नाही.

फुलं मात्र पडताना सोडली नव्हती. बायकांनी माझ्या झग्यातून काढून त्याच दुपारी हंड्यात घातली. तीच ती बाटली.

आणि झाकणं. शुक्रवारी तुझा फोन आला की वसीला माझ्या खाटेशेजारी उभी राहून दोन झाकणं एकमेकांवर आपटायची, म्हणजे तुला वाटावं मी भट्टीपाशी आहे. एकदा इतक्या जोरात आपटली की मला हसू आलं आणि हाडातून कळ गेली. तू पलीकडून म्हणालीस, "बरं, काम कर तू," आणि फोन ठेवलास. मग मी खूप रडले. वसीलाही रडली, झाकणं हातात घेऊन.

मला वाटलं होतं, तू चार दिवस रागावशील आणि विसरशील. पुढं बरी झाले, काठी सुटली, तरी सांगायचं राहिलं. आता सांगितलं तर आणखी रागावेल, असं दर शुक्रवारी वाटायचं. तू फोन लवकर ठेवायचीस ते मला कळत होतं. माझी चूक झाली, दोर्रा. तुला वाचवायला गेले आणि वर्षभर तुला असं वाटू दिलं की तू मला नको होतीस. मेंदीचं मला माहीत नव्हतं.

प्रश्न एकेचाळीसबद्दल. फॉर्म भरताना मी स्वतःला सांगितलं की अपघात कामगारांचे विचारलेत, मी तर मालकीण. तेही खरं नाही. ती फाईल तुझ्या टेबलावर जाते, म्हणून "नाही" लिहिलं.

हे पत्र फायलीत ठेव. तुझं ११ तारखेचंही ठेव. माझ्यासाठी तू नियम मोडायचा नाहीस. अंजीर परत नेऊन द्यायला लावलं होतं ते उगीच नाही. नाव यादीतून गेलं तर जाऊ दे, एकोणीसजणींना मी काय सांगायचं ते मी बघेन.

खालती


ट्यूनिस, १६ एप्रिल

खालती,

हम्मादीनं दुपारी ऑफिसच्या दारात पाकीट दिलं. मी जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच बसले.

दोन्ही पत्रं फायलीत ठेवली. नक्कल लपवल्याबद्दल मला लेखी समज मिळाली, माझ्या नावावर राहील. राहू दे.

घरी येऊन बाटली उघडली. कैसनं कॉफी केली, मी तिच्यात चार थेंब टाकले, तू टाकायचीस तसे. पहिला घोट घेतला आणि मला विहिरीजवळचं झाड दिसलं, खाली तू पळी घेऊन उभी, उतर म्हणून ओरडत. कैसनं कप हातातून काढून घेतला आणि विचारलं काय झालं, तर मी त्याला एवढंच सांगू शकले की ती येत होती.

तू येत होतीस. वर्षभर मला हे माहीत नव्हतं.

मी फार वाईट लिहिलं. माफ कर. आणि तूही फार वाईट वागलीस, तेही माफ केलं. मला चालताना दाखव कधी एकदा. निकालाआधी येता येत नाही, नाहीतर आत्ता निघाले असते.

दोर्रा


ट्यूनिस, २४ एप्रिल

खालती,

निकाल लागला. तू यादीत आहेस, अटी घालून. साठ दिवसांत त्या पुऱ्या करायच्या.

सी लुत्फींनी तुझं पत्र वाचून वरिष्ठांना लेखी प्रश्न विचारला होता की, मालकीण कामगार धरावी का? उत्तर आलं, जी शिडीवर चढते ती कामगार. म्हणजे तू अपघात लपवलास हे कायम राहिलं, त्याचे गुण गेले. पण मुदतीच्या आत स्वतःहून सांगितलंस, आणि मबरूका आणि वसीला यांना वेगवेगळं बोलावून विचारलं तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं, म्हणून नाव राहिलं. दबावाचा शेरा त्यांनी स्वतः खोडला आणि बाजूला सही केली.

अटी अशा. सगळ्या शिड्या बदलायच्या, रुंद पायांच्या आणायच्या. वर एक तर खाली एक, एकटीनं चढायचं नाही. तक्रारपेटी बसवायची, वसीलाला आवडो न आवडो. आणि अपघातांची वही सुरू करायची, पहिली नोंद तुझी. वहीचा नमुना सोबत आहे. त्यातला शेवटचा रकाना सगळ्यांनी भरायचा असतो, बाकीच्या एकोणीसजणींचाही भरून घे.

आता बोलायला हरकत नाही. तरी फोन करत नाहीये, कारण फोनवर मला रडू येईल आणि तू म्हणशील बिल वाढतंय. शनिवारी पहिल्या लुआजनं कैस आणि मी येतो. काम थांबवू नकोस, आम्ही पाहुणे नाही.

तुझी दोर्रा


नाबुल, २५ एप्रिल

माझ्या काळजाच्या तुकड्या,

हे पत्र हम्मादीबरोबर आजच पाठवते. उद्या तू त्याच गाडीनं येशील, पण कंपनीला कागद लागतो म्हणे, म्हणून.

सुताराकडे सहा शिड्या सांगितल्या. तोकड्या पायाची जुनी शिडी वसीलानं भट्टीत घातली, स्वतःच्या हातांनी, शिव्या देत. पेटी दाराला लावली. आतापर्यंत एकच चिठ्ठी आली आहे: "कॉफी अजूनही पांचट असते." सही नाही, पण अक्षर ओळखू आलं.

सी लुत्फी, तुम्ही चीज घातलेला पाव आणलात तरी चालेल, पण पुढच्या वेळी आमच्याबरोबर बसून खा.

काम थांबवू नको म्हणालीस. थांबवणार नाही. फक्त मेंदी भिजवून ठेवते. वर्षभर उशीर झाला आहे, पण हात तोच आहे.

वहीचं पहिलं पान उतरवून देते:

नोंद १. तारीख: गेल्या वर्षीचा १५ एप्रिल, दुपार. नाव: मन्नूबिया. काम: मालकीण, शिडीवर होती म्हणून कामगार. इजा: उजव्या खुब्याचं हाड मोडलं, चाळीस दिवस अंथरूण. कारण: शिडीचा पाय तोकडा, माहीत असून दुरुस्त केला नाही, आणि कोणाचं ऐकलं नाही. उपाय: शिड्या बदलल्या. ऐकायला शिकते आहे.

अपघात झाल्यास कोणाला कळवावे: दोर्रा, ट्यूनिस.
नातं: मुलगी.
केव्हा कळवावे: लगेच.